जहाजाचा घाम

शारजा, खालिद बंदर, शेड नंबर नऊ.
ऑगस्ट. सकाळचे साडेसहा,
आणि पत्र्याला हात लावायची आत्ताच सोय नाही.
तासगावचा बेदाणा, सोळाशे खोकी,
बिलावर कप्तानाची सही :
माल वरकरणी सुस्थितीत.
वरकरणी. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा लिहिला
त्यानं आधी लग्नं जुळवली असणार.

माल उतरलाय. मी रिकाम्या कंटेनरात शिरतो,
याकूबला म्हणतो, दार लाव.
तो दरवेळी विचारतो, किती वेळ?
मी दरवेळी सांगतो, हाक मारेपर्यंत.
बाहेरून दांडा पडतो.
मग काळोखात मान वर करून बघत राहायचं,
कुठे तिळाएवढं भोक, तिळाएवढा उजेड.
दिसला तर जहाजवाल्यांनी भरून द्यायचं.
आज छतभर एकही चांदणी नाही.
लोंबणारे थेंब फक्त.
एक मानेवर पडला. कोमट.

बाहेर खोरी शेठ, हातात माळ.
कंपनीचा रोडेल, गळ्यात कॅमेरा.
आणि खोक्यांच्या सावलीत उकिडवा बसलेला
हमाल दुर्रा खान, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं
आणि जा असंही म्हटलं नव्हतं.

तपकिरी बाटली काढली. चांदीचं पाणी.
ओल्या डागावर एक थेंब :
समुद्र शिरला असेल तर दुधासारखं पांढरं होतं,
नुसती वाफ धरली असेल तर काहीच नाही.
समुद्र म्हणजे दावा.
वाफ म्हणजे जहाजाचा घाम,
आणि घामाचे पैसे कुणी मोजलेले
सतरा वर्षांत मी तरी पाहिले नाहीत.
उलट कागद येतो : मालाचा अंगभूत दोष.
बेदाण्यातच म्हणे पाणी होतं आधीपासून.
असणारच. द्राक्ष होतं ना ते.

पहिलं खोकं, काही नाही. दहावं. चाळिसावं.
एक्केचाळिसावं पांढरं झालं.

शेठची माळ थांबली.
रोडेलनं कॅमेरा उचलला, आणि पुन्हा खाली केला.
मी चष्मा पुसून डाग नीट पाहिला :
दोन खांदे, मधे कण्याची कोरडी रेघ.
दुर्रा खान उठला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.
कुर्त्यावर तोच नकाशा,
मिठाच्या किनाऱ्यासकट.
"मेरा है, साब," तो म्हणाला,
चोरी कबूल करावी तसा.

शेठनं मला क्रेनच्या आडोशाला नेलं.
तासगावचा तो पोरगा रोज फोन करतो, म्हणाले,
बँकेचं व्याज चढतंय त्याच्यावर.
एक थेंब पुरतो तुम्हाला लिहायला.
त्याला मिळतील, मला मिळतील,
समुद्राचं काय जातं?

समुद्र तिथंच होता, शेडच्या मागं,
डिझेलचा पातळ पापुद्रा पांघरून.

फॉर्मवर रकाने आहेत : समुद्राचं पाणी, पावसाचं पाणी,
जहाजाचा घाम, मालाचा घाम.
पुढं जागा नव्हती. मी समासात लिहिलं :
खोकं एक्केचाळीस, मीठ आढळलं.
उगम, दुर्रा खान, पाठ.
याकूब म्हणाला, भाई, असं कुणी लिहितं का?
मी म्हटलं, माहीत नाही,
आणि खोडलं नाही.

दाव्याला वर्षाची मुदत असते.
डागाला तेवढी नाही. खोकं कुणीतरी उन्हात सरकवलं
आणि पांढरं जांभळट होत गेलं, मग काळं.
रोडेलचा फोटो काळ्याचाच आला.

माझी बोटंही. आठवडाभर जात नाही ते,
लिंबानं नाही, रॉकेलनं नाही.
रात्री फोनवर धाकटी विचारते,
बाबा, बोटाला काय लागलंय?
मी म्हणतो, शाई. मतदान करून आलो.
ती जरा वेळ बघते स्क्रीनमधून.
कुणाला केलंत?